मैदानाबाहेरील गैरवर्तन (खेळाडूंचे) : खानदेश

स्पर्धेच्या नियमांत न बसणारे, पण खेळाडूच्या नावामुळे त्याच्या संघाला, संघटनेला किंवा नोकरी देणाऱ्या खात्याला ज्याची दखल घ्यावी लागते, अशा वागण्याला मैदानाबाहेरील गैरवर्तन म्हणतात. मारहाण, घरातला छळ, लैंगिक छळ, धमकावणे, दारू पिऊन केलेला धिंगाणा, फसवणूक आणि समाजमाध्यमांवरची हीन वक्तव्ये हे सारे त्यात येते. उत्तेजक सेवनासाठी २०२२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. वयचोरी आणि सामनानिश्चिती या स्पर्धेच्या प्रामाणिकपणाशी निगडित बाबी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात व्यावसायिक क्लब जवळपास नाहीत. मालक, करार, पगार आणि प्रायोजक एकाच छत्राखाली असलेली संस्था इथल्या बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला येत नाही. क्लबचे काम इथे तिघांत वाटले गेले आहे. घडवण्याचे काम तालीम किंवा व्यायामशाळा करते, स्पर्धेला पाठवण्याचे काम जिल्हा संघटना करते आणि पोट भरण्याची सोय सरकारी खाते किंवा एखादी कंपनी करते. खेळाडूने बाहेर काही केले की हे तिघे आपापल्या वाट्यापुरतेच बघतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे बघणे यातल्या कोणाच्याच वाट्याला आलेले नाही, आणि खानदेशातल्या या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

क्लब आणि मंडळे काय करतात

क्लबसंस्कृती मुरलेल्या देशांतही प्रतिसाद एकसारखा नसतो. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने २००७ मध्ये वैयक्तिक वर्तनाचे धोरण कडक केले. तरीही २०१४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राइसने आपल्या होणाऱ्या पत्नीला लिफ्टमध्ये मारल्याचे प्रकरण पुढे आले, तेव्हा लीगने आधी फक्त दोन सामन्यांची बंदी घातली. लिफ्टमधले चित्रण सप्टेंबरमध्ये लोकांसमोर आल्यावर क्लबने त्याच दिवशी त्याचा करार संपवला आणि लीगने बेमुदत बंदी जाहीर केली. एकाच कृत्याला दोनदा शिक्षा देता येत नाही, म्हणून ती वाढीव बंदी लवादापुढे टिकली नाही. मारहाण झाली हे सर्वांना आधीच ठाऊक होते. नवे होते ते लोकांनी ते डोळ्यांनी पाहणे. दोन सामन्यांच्या बंदीवर टीका झाल्यावर लीगने ऑगस्टमध्येच, म्हणजे हे चित्रण बाहेर येण्याआधी, घरगुती हिंसेसाठी सहा सामन्यांच्या बंदीची पायरी ठरवली होती.

इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबने फेब्रुवारी २०२२ मध्ये कुर्त झुमा मांजराला लाथ मारत असल्याचे चित्रण पुढे आल्यावरही त्याला लगेचच सामन्यात उतरवले. टीका झाल्यावर दोन आठवड्यांचा पगार, म्हणजे अडीच लाख पौंड, दंड करून ती रक्कम प्राणीकल्याणाला दिली. एका प्रायोजकाने मात्र क्लबशी असलेले काम थांबवले. जूनमध्ये न्यायालयाने त्याला १८० तास समाजसेवेची शिक्षा दिली.

निर्दोषत्वाचे गृहीतक कुठे आणि किती धरायचे, हा यातला सर्वांत अवघड भाग. नेपाळचा लेगस्पिनर संदीप लामिछाने याच्यावर २०२२ मध्ये बलात्काराचा आरोप झाला आणि त्याला निलंबित केले गेले. खटला चालू असतानाच तो जामिनावर सुटून पुन्हा देशाकडून खेळला, जानेवारी २०२४ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. दोन वर्षांत त्याच्या संघटनेला बंद आणि उघड असे दार अनेकदा करावे लागले. चौकशी होईपर्यंतचे तात्पुरते निलंबन आणि दोष ठरल्यावरची शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियमात आधीच लिहिलेले असेल तर असा गोंधळ कमी होतो.

भारतीय क्रिकेटमध्ये जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना दूरचित्रवाणीवरच्या महिलांविषयीच्या वक्तव्यांबद्दल ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले गेले. क्रिकेट मंडळाचे लोकपाल डी. के. जैन यांनी नंतर दोघांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. त्यातले दहा लाख निमलष्करी दलांतील हुतात्मा जवानांच्या पत्नींना आणि दहा लाख अंध क्रिकेटला द्यायचे होते. दंड कुठे गेला हे सांगणारा हा निकाल चांगला होता. पण बोलण्यावर इतकी तत्परता दाखवणारी मंडळे घरातल्या हिंसेच्या तक्रारींवर कितपत हलतात, हे विचारले पाहिजे. मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमीवर पत्नीने आरोप केले तेव्हा मंडळाने त्याचा करार रोखला. चौकशी झाली ती भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून, आणि तीही सामनानिश्चितीच्या अंगानेच. त्यात तो निर्दोष ठरताच करार परत मिळाला. घरातल्या तक्रारीचे काय करायचे ते न्यायालयावर सोडून दिले गेले.

तालीम, फड आणि वस्ताद

खानदेशात कुस्तीचे स्थान मोठे आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आणि पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. त्यांच्यामुळे या भागातल्या पोरांपुढे तालीम ते वर्दी हा रस्ता स्पष्ट झाला. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल भरते. पंच जोड लावतात, नारळावरच्या कुस्तीपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत फड रंगतो.

या जगातली शिस्त लिखित नाही. ती वस्तादाच्या शब्दात असते. व्यसन, गावात दांडगाई, तालमीतल्या पोरांना त्रास असे काही कानावर आले की आधी तंबी, मग तालीम बंद, आणि फार झाले तर पंचमंडळींनी त्याची जोडच न लावणे. पहिलवानाला खुराक, लंगोट आणि फड हेच आयुष्य असल्यामुळे ही शिक्षा लहान नसते. घरच्यांपेक्षा वस्तादाचा धाक जास्त असलेली कितीतरी पोरे यामुळेच सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण हीच व्यवस्था तक्रार खुद्द वस्तादाविरुद्ध, किंवा तालमीचे नाव मोठे करणाऱ्या पहिलवानाविरुद्ध आली की ठप्प होते. जिथे सुनावणी घेणारा, शिक्षा देणारा आणि नावलौकिक सांभाळणारा एकच माणूस असतो, तिथे तो निःपक्ष राहील अशी अपेक्षा धरणे त्या माणसावरही अन्याय आहे. बहुतेक तालमी आणि क्रीडामंडळे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. त्यांच्या घटनेत वर्गणी थकवणाऱ्या किंवा संस्थेच्या हिताविरुद्ध वागणाऱ्या सभासदाला काढण्याचे कलम सहसा असते. खेळाडूने बाहेरच्या कुणाला इजा केली तर काय, याचे कलम मात्र सहसा नसते.

मैदानातल्या आणि मैदानाबाहेरच्या गुन्ह्यांतला फरक राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळून पाहिला. अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि महेंद्र गायकवाडने पंचांना शिवीगाळ केली. कुस्ती संघटनेने दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले. पंच आपला, आखाडा आपला, म्हणून निर्णय झटपट झाला. हाच हात आखाड्याबाहेर एखाद्या बाईवर किंवा दुकानदारावर उगारला गेला असता, तर बहुतेक ठिकाणी ‘ते पोलिसांचे काम’ असे म्हटले गेले असते.

नोकरी, भरती आणि ‘केस’

खानदेशात सर्वांत जोरदार शिस्त लावते ती नोकरी. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६, आणि जळगावात जैन इरिगेशनचा क्रिकेट संघ आणि जैन स्पोर्ट्स अकादमी. खेळाडू म्हणून पोट भरण्याची इथली ठिकाणे प्रामुख्याने ही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्या जागेवर बसलेला माणूस खेळाडू असला तरी आधी कर्मचारी असतो. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात, रेल्वेवाल्यांना १९६६ चे वर्तणूक नियम आणि १९६८ चे शिस्त व अपील नियम. अटक होऊन ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत गेला की कर्मचारी निलंबित झाला असे आपोआप मानले जाते.

हे नियम पदकाकडे पाहत नाहीत याचा पुरावा म्हणजे सुशील कुमार. बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे रौप्य जिंकलेला हा मल्ल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मे २०२१ मध्ये सागर धनखड या तरुण पहिलवानाचा मारहाणीत मृत्यू झाल्याच्या प्रकरणात अटकेत गेला. उत्तर रेल्वेने दोन दिवसांत त्याला निलंबित केले. मार्च २०२५ मध्ये मिळालेला त्याचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला. खटल्याचा निकाल हा वेगळा विषय. निलंबनाला त्या निकालाची वाट पाहावी लागली नाही.

जे अजून नोकरीत नाहीत त्यांच्यावर भरतीचा धाक असतो. शहादा असो की पाचोरा, पहाटे धावणाऱ्या पोरांतल्या बहुतेकांचे लक्ष्य पोलीस भरती असते, आणि ‘केस लागली की भरती गेली’ हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येते. ते पूर्ण खरे नाही. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते आणि साक्षांकन नमुन्यात दाखल गुन्ह्यांची माहिती भरावी लागते. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, तरुण वयातला किरकोळ गुन्हा लपवला असला तरी खाते ती चूक पोटात घालू शकते, आणि माहिती खरी दिली तरी पूर्ववृत्त पाहून नेमणूक नाकारण्याचा अधिकार खात्याला राहतो. म्हणजे खाते प्रकरणागणिक विचार करते. गुन्हा लपवणे मात्र बहुतेक वेळा उमेदवाराच्या विरोधात जाते.

या धाकाने अनेक हात आवरले जातात. पण गुन्हा घडून गेल्यावर हाच धाक उलटा फिरतो आणि तक्रार करणाऱ्याच्या मागे लागतो. सरपंच, भाऊबंद, मंडळाचा अध्यक्ष, कधी वस्ताद स्वतः त्याच्या घरी जातात. ‘पोऱ्यानं वाटोळं व्हई जाई’ (पोराचे वाटोळे होईल), आता भरती तोंडावर आहे, मिटवून घ्या, असे सांगितले जाते. पोराच्या भवितव्याची काळजी खोटी नसते. पण ज्याचे डोके फुटले किंवा जिची छेड काढली गेली, तिच्या भवितव्याचा विषय त्या बैठकीत निघत नाही. साध्या मारहाणीचे गुन्हे कायद्यानेच तडजोडयोग्य आहेत, तिथे दोन्ही बाजूंच्या खुशीने मिटवायला हरकत नाही. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार हे गुन्हे तडजोडयोग्य नाहीत. गावबैठकीत ते मिटवणे हे दबाव आणणे आहे, आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्याने त्यात बसणे हे त्याच्या पदाला शोभत नाही.

तक्रारदाराची वाट

जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांनी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध आंदोलन सुरू केले. लैंगिक छळाचे ते आरोप पदाधिकाऱ्यावर होते, खेळाडूवर नव्हते. पण त्यातून दिसलेली उणीव दोघांनाही लागू आहे. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अनेक क्रीडा महासंघांना, कायद्याने सांगितलेली अंतर्गत समिती का नाही, अशा नोटिसा काढल्या. देशपातळीवर ही स्थिती असेल तर तालुक्यातल्या मंडळाची काय असेल ते उघड आहे.

वास्तविक २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांना स्पष्ट शब्दांत कामाचे ठिकाण म्हटले आहे. पीडित महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. सरावाला येणारी खेळाडूही तक्रार करू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. खानदेशातल्या बहुतेक तालमी आणि मंडळांत इतकी माणसे कामाला नसतात, त्यामुळे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आरोप खुद्द संस्थाचालकावर असेल तरीही तिथेच. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समेट फक्त पीडितेने मागितला तरच होऊ शकतो आणि त्याचा आधार पैसा असू शकत नाही. गावबैठकीत जे पहिल्यांदा पुढे केले जाते, नेमके तेच कायद्याने बाद ठरवले आहे.

पीडित खेळाडू अठरा वर्षांखालील असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. खानदेशात शाळा, आश्रमशाळा आणि क्रीडा वसतिगृहांतून घडणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी असल्याने हा कायदा प्रशिक्षकांनी तोंडपाठ ठेवावा असा आहे. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण आत चौकशी करू’ ही सवड इथे नाही.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांवर आचारसंहिता आणि महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण यांची जबाबदारी टाकली आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. ते धोरण जिल्हा संघटनांच्या घटनेत उतरेपर्यंत सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या मुलीला नंदुरबार हे जिल्ह्याचे ठिकाण गाठणे हाच पहिला अडथळा राहील. त्यासाठी २०१३ च्या कायद्यातच सोय आहे. प्रत्येक तालुक्यात जिल्हाधिकारी पातळीवरून एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो, तो तक्रार स्वीकारतो आणि सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवतो. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक तालमीच्या, शाळेच्या आणि क्रीडासंकुलाच्या फलकावर लिहायला एक पैसाही लागत नाही.