व्हेपचा धूर म्हणजे नुसती वाफ? नाही

'सिगारेटचा धूर भिंतींना चिकटतो, व्हेपची मात्र पाण्याची वाफ, क्षणात विरते', हा समज अजूनही पक्का आहे. तो चुकीचा आहे.

व्हेप म्हणजेच ई-सिगारेटच्या द्रवाचा मुख्य भाग पाणी नसतोच. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायने आणि बहुधा निकोटीन असते. उपकरणातल्या तापलेल्या तारेवर हा द्रव वाफाळतो आणि लगेच थंड होऊन अतिसूक्ष्म थेंब बनतात. तोच आपल्याला दिसणारा ढग. तार जास्त तापली की ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे विघटन होऊन विषारी फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन तयार होतात. तारेतले निकेल, क्रोमियमही थेंबांत उतरू शकतात.

ढग दिसेनासा झाला, म्हणजे निकोटीन संपले असे नाही. ते काच, फरशी, पडदे, गाद्या यांवर बसते, आणि कापडातून हळूहळू पुन्हा हवेत येते. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग झाला की नायट्रोसामाइन्स बनतात; त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. ही अभिक्रिया 2010 मध्ये सिगारेटच्या निकोटीनवर दाखवली गेली. पण निकोटीनचा रेणू दोन्हीकडे एकच!

प्रामाणिकपणे सांगायचे तर व्हेपमुळे बसणारा निकोटीनचा थर सिगारेटपेक्षा बराच कमी असतो. पण रांगणाऱ्या बाळाचा विचार करा: हात फरशीवर, मग तेच हात तोंडात. खिडकी उघडल्याने ढग जातो, पृष्ठभागावरचा थर नाही. तो पुसावा, धुवावा लागतो.