ईयोब, बिल्दद आणि भिंतीवरचं वचन : नाशिकच्या मंडळींत दुःख आणि शास्त्रवाचन

नाशिकमध्ये एखाद्या ख्रिस्ती दफनविधीला गेलात, तर थडग्यापाशी बायबलमधल्या, संपत्ती आणि मुलं गमावलेल्या ईयोबाचे शब्द बहुधा कानावर पडतात. परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य असो. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, प्रार्थना-पुस्तकाच्या दफनविधीत हे शब्द अगदी सुरुवातीला येतात. ईयोबाच्या पुस्तकातही ते पहिल्याच अध्यायात आहेत. त्यानंतर आणखी ४१ अध्याय उरतात. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, आणि पुढची कितीतरी पानं देवाशी भांडतो. त्यातली एक-दोन वचनं सोडली तर ती पानं थडग्यापाशी वाचली जात नाहीत, आणि एरवीही फारशी कोणी उघडत नाही.

दुःखाकडे कसं पाहायचं आणि शास्त्राचा अभ्यास कसा करायचा, हे आपल्याकडे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. एक प्रवचनात, दुसरा संडे स्कूलमध्ये. मला ते वेगळे वाटत नाहीत. दुःखाचं चुकीचं उत्तर बहुतेक वेळा अर्धवट वाचनातून येतं, आणि पूर्ण वाचन शिकवलं ते बरंचसं दुःखानेच. नाशिक आणि आसपासच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनचं काम नाशिकला १८३२ मध्ये सुरू झालं. १८५० च्या दशकाच्या मध्यावर याच सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर वसवलं. आज शरणपूर रोडवरून जाताना दुकानं, बँका आणि दवाखाने दिसतात, पण या वस्तीची सुरुवात झाली ती पोरकी मुलं आणि बाप्तिस्म्यानंतर घरचं दार बंद झालेली माणसं यांच्यापासून. सुतारकाम, लोहारकाम असे धंदे इथे शिकवले जात आणि रोज शास्त्रपाठ होई. पुढे त्यात आफ्रिकन मुलं आली. गुलामांची वाहतूक करणारी जहाजं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे. त्यांतून सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवत आणि त्यातल्या काहींना नाशिकला पाठवत. आईबाप कुठे आहेत हे ठाऊक नसलेली ही मुलं गोदेकाठच्या गावाजवळ अक्षरं गिरवत होती.

त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात नाशिकहून गेलेली जी मुलं होती, त्यांत तो होता. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधी वाचला तो जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. मग ही माणसं मृतदेह खांद्यावर घेऊन कित्येक महिने चालत किनाऱ्यावर पोहोचली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

गुलामांच्या जहाजातून सुटलेल्या, शरणपुरात वाचायला शिकलेल्या एका तरुणाने रानात प्रार्थना-पुस्तक उघडलं, हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. त्या विधीत ९० वं स्तोत्र आहे, जिथे माणसाचं आयुष्य सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवतासारखं म्हटलं आहे. त्या मुलांना हे समजावून सांगायची गरज पडली नसेल. पुढे प्राइस यांनीच १८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवलं, आणि नाशिकची बरीच आफ्रिकन मंडळी तिथे गेली. नाशिकच्या इतिहासात त्यांची आठवण फार कमी काढली जाते, ही खंत आहे.

मराठीत ख्रिस्ताची कथा आली ती मिशनच्या कितीतरी आधी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला, आणि पुढे संपूर्ण बायबलही मराठीत आलं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखनात नाहीत. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन यांना दिलं जातं. नव्या कराराच्या वचनांना आकडे दिले ते मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये. शोधायला सोय झाली, आणि वचन उचलून वेगळं ठेवायलाही. ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ताटलीतून वचनाचं कार्ड काढायची आपली पद्धत त्या आकड्यांवर उभी आहे. हे कार्ड माणसं पाकिटात जपून ठेवतात, वर्षभर त्यावर प्रार्थना करतात. त्या श्रद्धेला माझा विरोध नाही. पण कार्डावर वचन कोणाच्या तोंडचं आहे हे छापलेलं नसतं.

ईयोब ८:७ घ्या. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, अशा अर्थाचं हे वचन कितीतरी ख्रिस्ती घरांत, दुकानांत चौकटीत लावलेलं दिसतं. नव्या धंद्याच्या उद्‌घाटनाला तर हमखास. हे बोलतो कोण? ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या मित्रांपैकी एक, बिल्दद. आणि त्याआधी तीनच ओळींवर, ८:४ मध्ये, तोच बिल्दद नुकतीच दहा मुलं गमावलेल्या बापाला म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना शिक्षा दिली. मोठ्या शेवटाचं आश्वासन या वाक्याला जोडून आलं आहे. तू निर्दोष असशील तर तुझं भलं होईल, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव ईयोबाच्या मित्रांवर रागावतो. ते देवाविषयी योग्य ते बोलले नाहीत, ईयोब बोलला. देवाशी भांडलेल्या माणसाला देव खरं बोलणारा ठरवतो आणि देवाची बाजू घेणाऱ्यांना खोटं. हे एका वचनात मावत नाही, त्यासाठी पुस्तक वाचावं लागतं.

हे मित्र मराठी माणसाला अगदी ओळखीचे आहेत. कर्माचे भोग, पूर्वजन्मीचं काहीतरी, कुणाचा तरी तळतळाट, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बाप्तिस्म्याने ते बोलणं गेलं असं नाही. त्याचं रूप बदललं : विश्वास कमी पडला, घरात गुप्त पाप असेल, प्रार्थनेत खंड पडला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्यात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांबद्दलही तेच, ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. इतकं स्पष्ट असूनही आजारी माणसाच्या खाटेशी बसून आपण कारणं शोधतो. ईयोबाचे मित्र निदान पहिले सात दिवस गप्प बसले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन घरांनी हे वाचन मराठीत खोल नेलं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. ते क्रमाने वाचायला बसले आणि मत्तयच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. शोक करणारे धन्य, हे तिथल्या सुरुवातीच्याच वाक्यांतलं एक आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची सर्वांत मोठी झळ लक्ष्मीबाईंना बसली. त्यांचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. नवरा जिवंत असून दुरावलेला, लोकांच्या नजरा, लहान मूल पदरी, अशी वर्षं त्यांनी काढली आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन अपुरं होतं. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि त्याचा बहुतांश भाग त्यांच्या हातचा आहे. शुभवर्तमान ओवीत उतरवायचं तर एकही प्रसंग गाळून चालत नाही. शास्त्राभ्यासाची याहून कसून केलेली पद्धत मला माहीत नाही. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. दुष्काळात बायको आणि मूल गमावून विठ्ठलाला थेट जाब विचारणारे तुकोबा ज्याने पाठ केले, त्याला स्तोत्रसंहितेतला विलाप परका वाटणार नाही.

दुसरं घर पंडिता रमाबाईंचं, केडगावचं. आईवडील दुष्काळातल्या उपासमारीत गेले, मग भाऊ, मग नवरा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलीबायकांना आसरा दिला. आणि हे सगळं चालू असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या बायकांना कळेल असं मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून निघालं.

युरोपात दुःख का, या प्रश्नावर प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनपासून ग्रंथ लिहिले गेले, १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर तर वादाला पूर आला. तो इतिहास मोठा आहे, पण नाशिकमध्ये दुःखाचा प्रश्न अजून एका बाजूने आला आणि ती बाजू मला जास्त निकडीची वाटते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच शहरात १९२९ पासून अँग्लिकन धर्मप्रांत होता. मंडळीतली असंख्य कुटुंबं त्याच वस्त्यांमधून आलेली होती जिथून सत्याग्रही आले. जातीने लादलेलं दुःख देवाची परीक्षा म्हणून सोसायचं का? १९८१ मध्ये मराठी धर्मअभ्यासक अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात हा प्रश्न उघडपणे मांडला आणि दलित धर्मशास्त्राची वाट मोकळी झाली. त्यांचा आधार होता जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय. त्यात पीक अर्पण करताना माणूस आपल्या पूर्वजांची भटकंती, गुलामी आणि आक्रोश मोठ्याने सांगतो, आणि देवाने तो ऐकला असं म्हणतो. या वाचनात काही दुःखं सोसायची नसतात, ती संपवायची असतात.

अभ्यासाच्या पद्धतीही काळाच्या ओघात रुजल्या. मठांतली जुनी रीत बाराव्या शतकात दुसरा गिगो या युरोपातल्या मठप्रमुखाने चार पायऱ्यांत सांगितली होती : वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. प्रॉटेस्टंट मंडळींत विसाव्या शतकात निरीक्षण, अर्थ, लागूकरण असा क्रम रूढ झाला. कॅथलिक सामान्यजनांच्या हाती बायबल यावं असा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धरला. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल हे त्याचं मराठीतलं मोठं फळ, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत येणाऱ्या भाविकांच्या हाती नवसाच्या मेणबत्तीबरोबर तेही असावं, असं मला मनापासून वाटतं.

कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेत, सुरुवात करायची असेल तर यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ ने करावी. तुमच्या हिताचे संकल्प मला ठाऊक आहेत, हे वचन नोकरी गेलेल्याला, परीक्षेत नापास झालेल्याला आपण पाठवतो. ते एका पत्रातलं आहे. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना ते लिहिलं होतं. आदल्याच वचनात देव सांगतो की सुटका ७० वर्षांनी होईल, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत नाही. तोवर घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात आणून टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगतो आणि लोकांना ते आवडतं. यिर्मया त्याला तोंडावर खोटा म्हणतो. गटात हे दोन्ही अध्याय सलग, मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक वाक्य कोण बोलतंय ते पेन्सिलीने समासात लिहावं. एका संध्याकाळी तेवढं होतं.