प्लेबॉय पैसे उडवतो, जिगोलो घेतो

'प्लेबॉय बना, हजारो कमवा' आणि खाली मोबाइल नंबर. लोकलच्या डब्यात चिकटवलेली ही पत्रकं मुंबईकरांना नवी नाहीत. कुणी भुलून फोन केला की आधी नोंदणी फी, मग ओळखपत्राचे पैसे, मग मेडिकलचे आणि शेवटी नंबर बंद. मग बातमी येते, 'प्लेबॉय होण्याच्या नादात तरुणाला गंडा'. भामट्यांना काय, कुठलाही शब्द चालतो. बातमी लिहिणाऱ्याने तरी तो तपासावा की नाही? पैसे घेऊन बायकांना सोबत करणारा तो जिगोलो, प्लेबॉय नव्हे.

प्लेबॉय कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे: गडगंज, सडाफटिंग, गाड्या-पार्ट्या-बायकांत रमलेला. आपला गुलछबू. ('रंगेल' मला फार सपक वाटतो.) इंग्रजीत 17 व्या शतकात नाटकात काम करणाऱ्या पोराला प्लेबॉय म्हणत, तिथेही तेव्हा स्त्रीभूमिका पोरंच करायची. पैसेवाला मौजी माणूस हा अर्थ 19 व्या शतकातला. 1953 साली ह्यू हेफ्नरने त्या नावाचं मासिक काढलं आणि शब्द घरोघरी पोचला.

जिगोलो दिसायला तसाच. कडक इस्त्रीचा सूट, चकचकीत बूट, शेजारी बाई. घोटाळा होतो तो इथेच. म्हणून कपडे बघू नका, बिल कोण भरतंय ते बघा. शब्द फ्रेंच, नाचघरातल्या मुलींना म्हणत त्या 'जिगोलेट'वरून आलेला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या बड्या हॉटेलांत एकट्या आलेल्या बायकांसोबत नाचायला पैसे देऊन पुरुष ठेवत. पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला दिग्दर्शक बिली वाइल्डर 1926 मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलात हेच करायचा. त्यावर त्याने वर्तमानपत्रात लेखमालाही लिहिली. म्हणजे चाकरीच ती. प्लेबॉयला मात्र कमवायचं नसतंच, बहुतेकदा बापाने कमवून ठेवलेलं उडवायचं असतं. तेव्हा 'प्लेबॉयची नोकरी' असा प्रकारच नसतो.

बायकांच्या भानगडींसाठी गाजलेल्या कॅसानोव्हाला यात ओढू नका. तो व्हेनिसचा खराखुरा माणूस, नट-नटीचा मुलगा. त्याच्या हातात पैसा कधी टिकला नाही.

खरी पंचाईत पोर्फिरिओ रुबिरोसाची. या डॉमिनिकन मुत्सद्द्याला सगळं जग प्लेबॉय म्हणे. पण त्याच्या पाच बायकांपैकी डोरिस ड्यूक आणि बार्बरा हटन या दोघी अमेरिकेतल्या गर्भश्रीमंत वारसदार. हटनशी संसार 53 दिवसांचा, आणि त्यातूनही तो मालामाल होऊन बाहेर पडला. माझ्या लेखी तो जिगोलोच, फक्त लग्नाचा दाखला असलेला.