उपास धरलेला मासा गळाला का लागतो?

आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या जंगलात पहाटे आरवणारा राखाडी रानकोंबडा आपल्या ओळखीचा. त्याच्या मानेचा जवळून काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहा. प्रत्येक पिसाच्या टोकाशी मेणाचा थेंब सांडून थिजावा तसा चकचकीत, पांढरट-पिवळा ठिपका असतो. ही पिसं व्हिक्टोरियन काळात बोटींतून ब्रिटनला जात आणि तिथे सॅमनच्या गळावर बांधल्या जाणाऱ्या खोट्या माशीला, म्हणजे 'फ्लाय'ला, गाल म्हणून चिकटत. १९०२ साली ब्रिटिश सरकारनेच हिंदुस्थानातून पक्ष्यांची पिसं निर्यात करायला बंदी घातली. आता तिकडचे हौशी लोक पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात, पण ठिपका तोच.

गंमत अशी, की ज्या माशासाठी हा सगळा शृंगार, तो त्या वेळी काही खातच नसतो.

(आधी एक खुलासा. मुंबईच्या बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणून जो मिळतो तो आपला रावस. चवीला उत्तम, पण सॅमनशी त्याचं नातं नाही.)

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेस आणि सदरलंड परगण्यांत 'फ्लो कंट्री' नावाचा अफाट ओला माळ आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. शेवाळ मरतं, पण थंडीमुळे आणि पाणथळपणामुळे पुरतं कुजत नाही. थरावर थर साचून त्याचं पीट बनतं. काही ठिकाणी हा थर १० मीटर जाड आहे. या माळावर लॉख मोर नावाचं सरोवर आहे. थर्सो नदी त्यातून निघून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राला मिळते. आसपास वस्ती जवळजवळ नाही. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, किंचित आंबट आणि क्षारांना महाग. इथे एकाच होडीतून, एकाच दोरीवर बांधलेल्या दोन-तीन फ्लायना ट्राउट हा सॅमनच्याच कुळातला गोड्या पाण्यातला मासाही लागतो आणि सॅमनही.

ट्राउट फ्लायला का लागतो, हे कोडं सोपं आहे. अशा पाण्यात अन्न कमी, त्यामुळे मासा सावकाश वाढतो आणि बहुतेक वेळा पाव किलोच्या आसपासच राहतो. याच किनाऱ्यावर पश्चिमेला डरनेसजवळ चुनखडीच्या खडकातली तळी आहेत. तिथे पाण्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून गोगलगायी आणि झिंग्यासारखे बारके जीव भरपूर, आणि तोच ट्राउट तिथे किलोच्या पुढे जातो. पीटवरच्या ट्राउटला वाऱ्याने माळावरून उडून पडलेला किडाही चालतो. भुकेला कोंडा! म्हणून इथली फ्लाय एखाद्या विशिष्ट किड्याची हुबेहूब नक्कल नसते. काळं लोकर, कोंबड्याचं पीस, जरीचे दोन वेढे. साधारण 'काहीतरी खाण्याजोगं' दिसलं की पुरे.

पण ते माशाला दिसतं कसं? पाण्याखालून वर पाहिलं तर सगळं आभाळ एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे वरचं १८० अंशांचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटीवाटीने बसतं. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर ही खिडकी जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. तरंगणाऱ्या किड्याचे पाय पाण्याला बारीक खळ्या पाडतात. त्या खळ्या आरशात प्रकाशाच्या ठिपक्यांसारख्या चमकतात. म्हणजे किडा खिडकीत येण्याआधीच त्याचे पाय कळतात!

माणसालाही हाच नियम लागू. क्षितिजालगतचे पहिले १० अंश खिडकीच्या कडेला जवळपास एकाच अंशात चेपले जातात, शिवाय अंधूक होतात. आठ मीटरवरच्या होडीत तुम्ही बसून असाल तर या चेपलेल्या पट्ट्यात लपता. उभे राहिलात की डोकं त्याच्या वर निघतं. होडीत बसा, हा जुन्या नावाड्यांचा हुकूम केवळ होडी उलटू नये म्हणून नाही. वारा पडून पाणी काचेसारखं झालं की हेच लोक वैतागतात, कारण लाट असली की खिडकी फुटते आणि दोरीही लपते.

फेकण्याचंही तंत्र उलटं. आपल्याकडे गळाला शिशाचं वजन असतं आणि ते दोरीला ओढून नेतं. फ्लायचं वजन ग्रॅमचाही लहानसा अंश, ती कुठे जाणार? म्हणून दोरीच जड करतात आणि टोकाकडे निमुळती ठेवतात. काठीचा झटका आसुडाच्या लाटेसारखा दोरीतून पुढे जातो आणि शेवटी माशी अलगद पाण्यावर टेकते.

आता सॅमन. तो आपल्या भाषेत चढणीचा मासा. पहिल्या पावसात ओढ्याने शेतात चढणारे वलगणीचे मासे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहेत, पण सॅमनची चढण फार लांबची. नदीत जन्मून दोन-तीन वर्षं किडे खातो, मग रुपेरी होऊन समुद्रात, थेट ग्रीनलंडपर्यंत जातो आणि एक-दोन वर्षांनी धष्टपुष्ट होऊन जन्माच्या नदीत परततो. गोड्या पाण्यात शिरला की कडकडीत उपास. जठर आक्रसतं, अंगातली निम्म्याहून जास्त ऊर्जा अंडी-वीर्य आणि प्रवास यांत खर्च होते. थर्सोत जानेवारीतच मासेमारीचा हंगाम सुरू होतो आणि वीण होते ती नोव्हेंबरच्या सुमारास. जानेवारीत आलेल्या माशाचा हिशेब तुम्हीच करा. मला हा उपास शहाणपणाचा वाटतो: एवढ्या गरीब नदीत हे थोराड मासे जेवायला बसले असते तर पहिली पाळी त्यांच्याच पिल्लांची आली असती.

पोट बंद होतं, डोळे मात्र नव्याने जुळवून घेतात. सॅमन कुळातल्या माशांत दृष्टिपटलातलं रंगद्रव्य बदलतं. समुद्रात ते अ-१ जीवनसत्त्वावर बेतलेलं असतं, नदीत अ-२ वर, आणि त्यामुळे नजर तांबड्या प्रकाशाकडे सरकते. या रंगद्रव्यांचा पाया जॉर्ज वॉल्ड यांनी घातला (१९६७ चं नोबेल त्यांना दृष्टीवरच्या कामासाठीच मिळालं), आणि हा बदल घडवणारं विकर (एन्झाइम) २०१५ मध्ये सापडलं. पीटच्या पाण्यात निळा प्रकाश आधी विरतो, तांबूस उरतो. नेमक्या त्याच प्रकाशाला हा डोळा तयार.

मग उपाशी मासा फ्लाय का धरतो? एकमताचं उत्तर नाही. बालपणी वर्षानुवर्षं किडे टिपलेली सवय जागी होते, असं काही म्हणतात. काहींच्या मते वीण जवळ आल्यावरचा चिडखोरपणा. माशाला हात नसतात, कुतूहल भागवायचं तर तोंडानेच, असंही म्हणतात. समुद्रातून ताजा आलेला मासा चटकन धरतो आणि महिनोन्महिने नदीत राहिलेला ढुंकून पाहत नाही, हा गळवाल्यांचा अनुभव. त्यावरून मला तरी पहिल्या उत्तराकडे झुकावंसं वाटतं: खाणं थांबलं तरी झडप घालायची खोड लगेच जात नाही. ट्राउटला आपण अन्नाच्या नावाने फसवतो, सॅमनला फार तर आठवण करून देतो.

पण आठवण करून द्यायला मासेही कमी उरलेत. २०२३ मध्ये ब्रिटनमधला सॅमन आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने संकटग्रस्त ठरवला. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅमनपैकी ९० टक्क्यांहून जास्त आता परत सोडले जातात. अणकुची काढलेला गळ वापरायचा, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा, तो सावरेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरायचा.

आणि रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमन धरायला कायद्यानेच मनाई आहे, ट्राउटला नाही. लॉख मोरवर होडी तीच, फ्लाय त्याच, पाणी तेच. रविवारी ट्राउटसाठी टाकलेल्या माशीला उपाशी सॅमनने झडप घातलीच, तर त्याला सोडून देऊन पुन्हा ट्राउटची वाट पाहत बसायचं.