क्यूइंग : पार्किन्सन्समध्ये पाय उचलायला लावणारे आवाजाचे आणि नजरेचे इशारे

पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, त्यात माणसाची पावलं हळूहळू लहान पडत जातात, पाय घासत चालतो आणि पुढे पुढे तर मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी बाहेरून एखादा ठेका किंवा डोळ्यांना दिसणारी खूण देऊन त्याला चालतं करायचं, या पद्धतीला फिजिओथेरपीत क्यूइंग म्हणतात. हा क्यू नाटकातला. विंगेत उभ्या असलेल्या नटाला पाठांतर चोख असतं, एंट्री कशी घ्यायची तेही माहीत असतं, फक्त ‘आता जा’ हा इशारा मिळावा लागतो आणि तो मिळाला नाही की बिचारा तिथेच उभा राहतो. पार्किन्सन्समध्ये पायांचं अगदी हेच होतं. पायात ताकद असते, लकवा मारलेला नसतो, पण आतून येणारा क्यू चुकतो.

घरात हे कसं दिसतं ते सांगतो. बाबा हॉलमधून बऱ्यापैकी चालत येतात आणि बाथरूमच्या दारात आले की थांबतात. टाचा उचललेल्या, गुडघे जागच्या जागी थरथरतायत, वरचं अंग पुढे झुकलेलं, पाय मात्र हलत नाहीत. याला फ्रीझिंग म्हणतात, सहसा काही सेकंदच टिकतं पण पाहणाऱ्याला आणि त्या माणसाला ते तासभर वाटतं. मग घरचे काय करतात तर दंडाला धरतात, "अहो बाबा चला ना, काय झालं" म्हणत पुढे ओढतात, म्हणजे धड पुढे आणि पाय मागे, पडायची पूर्ण सोय. त्याऐवजी कुणी आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं आणि म्हटलं "बाबा, माझ्या पायावरून पाय टाका", तर बऱ्याचदा तोच चिकटलेला पाय चांगला वर उचलला जातो आणि पुढची चार पावलंही ठीक पडतात. हा क्यूइंगचा सगळ्यात साधा प्रकार, फुकटचा, आणि तो लागू पडतो की नाही हे तिथल्या तिथे कळतं.

असं का होतं? एरवी आपण चालताना चालण्याचा विचारच करत नाही, फोनवर बोलतो, भाजीचा हिशोब करतो, पाय आपले चालू असतात. हे जे आपोआप चालणं आहे ते सांभाळण्यात मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांचा मोठा वाटा असतो आणि त्यांना डोपामिन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, त्यामुळे पावलाची लांबी किती, पुढचं पाऊल कधी, हा आतला हिशोब बिघडतो. पण डोळ्यांनी काहीतरी पाहून किंवा कानांनी ऐकून हालचाल करायची असेल तर मेंदू दुसऱ्या वाटेचा जास्त वापर करतो, असं मानतात. त्यात लहान मेंदू, वरच्या पृष्ठभागावरचे काही भाग वगैरे येतात आणि ती वाट त्या मानाने शाबूत असते. हायवे बंद, गावातल्या रस्त्याने जा, असला प्रकार. गावातल्या रस्त्याला लक्ष जास्त द्यावं लागतं हेही खरं, आणि ते पुढे महत्त्वाचं ठरतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, त्यातही धड पुढे झुकवून चालता चालता पळायलाच लागणारी माणसं आहेत. 1921 मध्ये फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट सूक यांनी एका विचित्र गोष्टीला नाव दिलं, एरवी जखडलेला रुग्ण ठरावीक प्रसंगी एकदम झकास हालचाल करतो, ती ‘पॅराडॉक्सिकल कायनेसिया’, मराठीत उफराटी हालचाल म्हणू. ‘खरं तर येतं, नाटक करतात’ असं जे घरोघरी म्हणतात ना, त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. नाटक नसतं ते. मग 1967 मध्ये ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट पर्डन मार्टिन यांनी लिहून ठेवलं की जमिनीवर चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा आखल्या तर असे रुग्ण त्या ओलांडत नीट चालतात, आणि रेषा चालण्याच्या दिशेने उभ्या आखल्या तर काही फायदा होत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर काही रुग्ण एकदम सरळ चालतात आणि पलीकडे फुटपाथवर पोचले की पुन्हा अडकतात, त्याचं कारणही हेच.

नेमकं बिघडतं काय, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर 1990 च्या दशकात मेलबर्नहून आलं. मेग मॉरिस, रॉबर्ट इयानसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पार्किन्सन्सचे रुग्ण पावलांचा वेग कमीजास्त करू शकतात, म्हणजे मिनिटाला किती पावलं हे त्यांना जमतं, पण पावलाची लांबी आतून ठरवता येत नाही, मग ते लांबीची भरपाई पटापट पावलं टाकून करतात. जमिनीवर रेषा दिल्या की लांबी जवळजवळ नॉर्मल होते. म्हणजे लांब पाऊल टाकायची क्षमता गेलेलीच नसते. 1999 मध्ये फ्रान्समध्ये अझुले यांच्या गटाने अजून एक गमतीशीर प्रयोग केला, रेषांवरून चालताना खोलीत लुकलुकणारा स्ट्रोब लाइट लावला, ज्यात वस्तू दिसतात पण त्यांचं सरकणं दिसत नाही, तर रेषांचा फायदाच गेला. म्हणजे नुसती रेषा नाही, ती आपल्याकडे सरकत येताना दिसणं, हेही काम करतं.

आवाजाचं काम थोडं वेगळं आहे. रेषा मुख्यतः पावलाची लांबी सुधारते तर ठेका पावलांची वेळ सांभाळतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मायकेल थॉट आणि त्यांच्या गटाने 1996 मध्ये जो अभ्यास छापला त्यात रुग्णांना ठेका ठळक केलेल्या संगीताच्या टेप देऊन 3 आठवडे रोज अर्धा तास घरीच चालायला लावलं होतं, आणि त्यांचा चालण्याचा वेग सरासरी 25 टक्के वाढला, पावलाची लांबी साधारण 12 टक्के. संगीत म्हणजे इथे मन रमवायला नाही हं, पाय ठेक्याला बांधायला.

ठेका किती ठेवायचा यात मात्र गल्लत होते. आधी माणूस आपल्या नेहमीच्या चालीने मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजायचं, समजा 96 पडली. ज्याला फ्रीझिंग होत नाही त्याला मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, 10 टक्के वर, म्हणजे 105-106 वर ठेवून बघतात. ज्याला फ्रीझिंग होतं त्याला उलट, 10 टक्के खाली, 86 च्या आसपास, कारण वेगवान ठेक्यामागे धावताना त्याची पावलं अजून आखूड होतात आणि तो अडकतो. यूट्यूबवरचं कुठलंतरी उडतं गाणं लावून दिलं आणि आजोबा पडले, असं व्हायला हे एवढं अज्ञान पुरतं. मेट्रोनोमचं अॅप फोनवर फुकट मिळतं, पण ज्याला टिकटिक नको वाटते त्याला शाळेतल्या परेडचं डावा-उजवा-डावा पुरतं, मोठ्याने म्हटलं तर अजून चांगलं. भजन, लेझीम, कवायत यातलं काहीही चालतं, अट एकच, लय स्थिर पाहिजे. माझ्या मते केरवा ताल बरा, आठ मात्रा, सम दर वेळी त्याच पायावर येते. संथ भावगीत ऐकायला कितीही गोड असलं तरी त्यावर पाय टाकता येत नाहीत.

रेषांसाठी घरात सगळ्यात सोपं म्हणजे रंगीत चिकटपट्टी, फरशीच्या रंगाशी चांगली उठून दिसणारी. जुन्या घरात शहाबादी फरशीचे सांधे ठळक दिसायचे, ते आयतेच क्यू होते, आताच्या दोन फुटी चकचकीत टाइल्सचे सांधे दिसतच नाहीत आणि वर उजेड परावर्तित होतो तो वेगळाच. पट्ट्यांमधलं अंतर त्या माणसाच्या उंचीवर आणि त्याला कितपत झेपतं त्यावर ठरतं, ते एकदा फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावं, पण पट्ट्या सगळ्या घरभर लावत बसू नये, जिथे अडकतो तिथेच लावाव्यात. अडकायच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात, दार, पलंग आणि कपाटामधली चिंचोळी जागा, वळण, खुर्चीच्या अगदी दोन पावलं अलीकडे, लिफ्ट. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही, गाडी वळवतो तसं मोठं वळण घ्यायचं, म्हणून तिथे पट्ट्या पंख्यासारख्या पसरून लावतात. दारात उंबरा असेल तर त्याच्याकडे बघून पाय ओलांडायला काहींना सोपं जातं, पण पाय घासणाऱ्या माणसाला तोच उंबरा आडवा येऊ शकतो, त्यामुळे मुद्दाम उंबरा बसवायला जाऊ नये.

घराबाहेर पट्ट्या नेता येत नाहीत म्हणून लेझरची काठी निघाली, काठी टेकली की पुढे जमिनीवर लाल रेष पडते. त्याचाच पुढचा प्रकार बुटांचा. नेदरलँड्समध्ये ट्वेंटे आणि रॅडबाउड विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2018 मध्ये 21 रुग्णांवर लेझरचे बूट वापरून पाहिले, एका बुटातून दुसऱ्या पायासमोर रेष पडते, आणि पार्किन्सन्सच्या गोळीचा असर नसलेल्या वेळी फ्रीझिंगचे प्रसंग साधारण 46 टक्के कमी झाले. भर उन्हात रेष नीट दिसत नाही ही अडचण आहेच.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरची. त्या नेदरलँड्सला डेल्फ्टमध्ये शिकल्या, त्यांच्या काकांना पार्किन्सन्स. सपाट जमिनीवर वॉकर घेऊन अडखळणारे काका जिना मात्र न थांबता उतरतात हे त्यांनी बघितलं, आणि डोकं असं लढवलं की मग सपाट जमिनीलाच जिना करू. जिन्याचा आभास होईल असं चित्र जमिनीवर पसरलं, काका त्यावरून चालत गेले आणि चित्र संपलं तिथे पुन्हा अडकले. ना मोटर, ना बॅटरी. याच चालीतलं दुसरं उदाहरण डच डॉक्टर बास ब्लूम आणि त्यांच्या सहकारी स्नायडर्स यांनी 2010 मध्ये छापलं, 10 वर्षं पार्किन्सन्स असलेला 58 वर्षांचा गृहस्थ, दोन पावलं धड टाकता येत नव्हती, सायकलवर बसवला तर आरामात चालवली, तोल सांभाळून वळवली, आणि उतरला की लगेच पाय चिकटले. इथेही पेडल एकामागून एक पायाला क्यू देतात, असा एक अंदाज आहे.

महाराष्ट्रात पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत 2001 पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारखे गट रुग्णांना एकत्र आणतात, पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्गही चालवले. नृत्यात ठेका, समोरच्याचं बघून करणं आणि मोठ्या हालचाली असे तिन्ही इशारे एकदम मिळतात, शिवाय लोक हसतात. तरीही बऱ्याच जणांपर्यंत ही माहिती पोचत नाही, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये 4,324 रुग्णांना विचारलं तर चालण्याचा त्रास असूनही साधारण 17 टक्के लोकांनी अशा कुठल्याही युक्तीबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. ओपीडीत पाच मिनिटांत गोळ्यांचा डोस ठरतो, चालण्याचं बोलायला वेळ राहत नाही.

याच्या मर्यादाही आहेत आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. ब्रिटन, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये मिळून झालेल्या ‘रेस्क्यू’ नावाच्या अभ्यासात 153 रुग्णांना घरी जाऊन 3 आठवडे क्यूइंगचं ट्रेनिंग दिलं होतं, निकाल 2007 मध्ये छापला. चालण्यात आणि तोलात सुधारणा झाली, पण लहान, चार-पाच टक्क्यांच्या घरातली, आणि ट्रेनिंग थांबल्यावर 6 आठवड्यांनी बघितलं तर बरीचशी ओसरली होती. म्हणजे हा कोर्स करून मोकळं व्हायचा उपाय नाही, चष्म्यासारखा आहे, लावला की दिसतं. आजार यामुळे थांबत नाही, डोपामिनची उणीव भरून काढणारी लेवोडोपाची गोळी वेळेवर लागतेच, ती बंद करून ठेक्यावर चालायचा प्रयोग कुणी करू नये. दुसरं म्हणजे याला लक्ष लागतं, त्यामुळे विसरभोळेपणा किंवा गोंधळलेपणा वाढलेल्या माणसाला ते झेपत नाही, आणि इशारा चालू असताना मधूनच "बाबा चहा घेणार का" विचारलं तरी गाडी घसरते. रस्त्यावर इअरफोन लावून ठेका ऐकायचा असेल तर एकाच कानात, दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा. काहींना सतत खाली रेषांकडे बघून मान अजून वाकायची सवय लागते, त्यांना नजर दोन-तीन पट्ट्या पुढे ठेवायला सांगतात.

आणि पट्ट्यांचं म्हणाल तर रोजच्या फरशी पुसण्याने त्यांचे कोपरे सुटतात. सुटलेला कोपरा चपलेत अडकतो, ज्या माणसाला पडू नये म्हणून पट्टी लावली तोच त्यावर अडखळतो, म्हणून दर आठवड्याला वाकून एकदा सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवायचं.