फुकटची ई-मेल सेवा निवडताना

कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरला की काय होतं ते आठवून पाहा. बँक असो, खरेदीचं संकेतस्थळ असो की फोटोंचा साठा, नवा पासवर्ड बनवण्याची लिंक बहुतेक वेळा ई-मेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचा इनबॉक्स, त्याच्या हाती बाकीच्या खात्यांच्याही किल्ल्या. म्हणूनच फुकटची ई-मेल सेवा निवडताना किती जीबी जागा मिळते, हे मी सगळ्यात शेवटी पाहतो. आधी दोन गोष्टी तपासतो: हा इनबॉक्स माझ्या ताब्यात राहील का, आणि उद्या सेवा सोडायची ठरवली तर जुनी पत्रं बरोबर नेता येतील का.

पूर्वी ई-मेलचा पत्ता नोकरीबरोबर, कॉलेजबरोबर किंवा इंटरनेट जोडणीबरोबर मिळायचा आणि ती सुटली की जायचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं आणि ब्राउझर असेल तिथून उघडणारा फुकट पत्ता कोणालाही घेता येऊ लागला. तेव्हा जागेची फार चणचण होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी जागा जाहीर केली, तेव्हा हॉटमेल फुकट खात्याला २ एमबी देत होतं. तारीख पाहून अनेकांना ही एप्रिल फूलची थापच वाटली. आज गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात. फोनमधल्या व्हिडिओंनी ती जागा भरली की नवी ई-मेल येणं बंद होतं, आणि पाठवणाऱ्याकडे पत्र परत जातं.

विश्वासार्हतेचा खरा कस मात्र पत्राच्या प्रवासात लागतो. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये @ हे चिन्ह वापरून माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं केलं. १९८२ मध्ये एसएमटीपी हा पत्रवहनाचा नियम ठरला, पण पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसंच. ही फट नंतर तीन उपायांनी बुजवली गेली. एसपीएफमध्ये डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक जाहीर करतो की माझ्या नावाने पत्रं फक्त या सर्व्हरवरून निघतील. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो आणि ती पडताळण्याची किल्ली सगळ्यांसाठी खुली ठेवतो. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांकडून या तिन्हींची मागणी करतात.

याची परीक्षा घरबसल्या घेता येते. नव्या खात्यावरून आपल्याच जुन्या खात्याला एक पत्र पाठवा आणि तिथे त्याचं मूळ रूप, म्हणजे सगळ्या हेडर ओळी उघडून पाहा. तिन्ही नावांपुढे (SPF, DKIM, DMARC) 'पास' (pass) दिसायला हवं. ते दिसत नसेल, तर नोकरीसाठी पाठवलेला तुमचा अर्ज समोरच्याच्या स्पॅममध्ये पडून राहण्याची भीती आहे.

आता खासगीपणाबद्दल. पत्र वाटेत असताना सहसा टीएलएस या सांकेतिक कुलपाने बंद असतं, पण बहुतेक सेवांच्या सर्व्हरवर पोचल्यावर ते कंपनीला वाचता येतं. जाहिराती व्यक्तीनुसार दाखवण्यासाठी पत्रांचा मजकूर चाळणं थांबवणार असल्याचं गुगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. वाचण्याची तांत्रिक शक्यता त्यामुळे संपत नाही. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन केंद्रात ओळख झालेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये आणलेलं प्रोटॉन मेल आणि जर्मनीतलं टूटा पत्रं अशी साठवतात की कंपनीलाही मजकूर उघडता येऊ नये. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ मात्र या कुलपाबाहेर राहते. या सुरक्षिततेची किंमतही समजून घ्या. पासवर्ड गेला आणि पुनर्प्राप्तीची किल्ली जपली नसेल, तर जुनी पत्रं कंपनीही परत देऊ शकत नाही. शिवाय प्रोटॉनच्या फुकट खात्यातली पत्रं थंडरबर्डसारख्या, संगणकावरच्या ई-मेल प्रोग्रॅममध्ये थेट आणता येत नाहीत.

मोठं नाव असलं म्हणजे निर्धास्त राहावं, असंही नाही. २०१३ मध्ये याहूच्या सर्व, म्हणजे सुमारे ३ अब्ज खात्यांची माहिती चोरीला गेली आणि तो पूर्ण आकडा २०१७ मध्ये बाहेर आला. म्हणून पासवर्डखेरीज दुसरा पहारा देणारी सेवाच घ्या. पासकी (फोन किंवा संगणकातच साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा ऑथेंटिकेटर ॲप (दर थोड्या वेळाने बदलणारा कोड दाखवणारं) उत्तम. एसएमएसवरचा कोड दुबळा, कारण तुमचा नंबर फसवून दुसऱ्या सिमवर वळवता येतो. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, कारण फुकट खात्याचं दार बंद झालं तर फोन उचलणारा माणूस सहसा मिळत नाही. वापराविना पडलेलं खातंही जातं: गुगलची मुदत २ वर्षांची, याहूची १२ महिन्यांची.

राहिला सामान नेण्याचा प्रश्न. सर्व्हरवरची पत्रं दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडू देणारा आयमॅप हा नियम १९८६ पासूनचा आहे. ज्या सेवेत तो फुकट खात्यालाही मिळतो, तिथली सगळी पत्रं आपल्या संगणकावर उतरवता येतात. हे किती मोलाचं आहे ते फेब्रुवारी २०११ मध्ये दिसलं. सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीने जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतली पत्रं दिसेनाशी झाली. गुगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण तीच चूक त्या प्रतींपर्यंतही पोचली. शेवटी पत्रं परत आली ती चुंबकीय टेपवरून, कारण त्या टेप चालू यंत्रणेपासून वेगळ्या, ऑफलाइन ठेवलेल्या होत्या. तेव्हापासून मीही वर्षातून दोनदा सगळी पत्रं एका वेगळ्या डिस्कवर उतरवतो, आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवतो.