तक्ता आला, नमुने मागे राहिले: रुब्रिकची पार्श्वभूमी

मुंबईतल्या शिक्षकांपुढे ‘रुब्रिक’ म्हटले की काम तपासून गुण देण्याचा एक छापील तक्ता येतो. डावीकडे निकष, वर चार पातळ्या, चौकटींत ‘उत्कृष्ट’, ‘समाधानकारक’, ‘सुधारणेस वाव’ असे शब्द. हा तक्ता ज्या कामातून घडला, त्यात विद्यार्थ्यांच्या खऱ्या कामांचे क्रमवार लावलेले नमुनेही होते. आपल्याकडे तक्ता पोहोचला आणि नमुने वाटेत राहिले. आज रुब्रिकबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

शब्द लॅटिन आहे. ‘रुब्रिका’ म्हणजे लाल माती, गेरू. मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांत मथळे आणि प्रार्थनाविधीच्या सूचना लाल शाईने लिहीत, म्हणून त्या सूचनांनाच रुब्रिक म्हणू लागले. आपल्या पोथ्यांतही दंड आणि अध्यायसमाप्तीच्या ओळी लाल रंगात आढळतात, तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटू नये. परीक्षेशी मात्र या शब्दाचा संबंध फार उशिरा आला.

त्याआधी प्रश्न आला: तोच पेपर दोन हातांत गेला तर गुण वेगळे का पडतात? एजवर्थ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये परीक्षांतल्या गुणांकडे मोजमापातली चूक म्हणून पाहिले. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांत तीसहून अधिक गुणांचे अंतर निघाले. भाषेचा विषयच व्यक्तिनिष्ठ, असे लोक म्हणाले. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तर अंतर आणखी वाढले! कोणी मांडणीचे गुण कापले होते, कोणी फक्त उत्तर पाहिले होते.

यावरचा पहिला उपाय तक्त्याचा नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९१० मध्ये हस्ताक्षराची मोजपट्टी केली आणि हिलेगासने १९१२ मध्ये निबंधाची. दोन्ही पट्ट्या मुलांच्या कामाचे नमुने कमी-अधिक दर्जानुसार लावून तयार केल्या होत्या. शिक्षकाने हातातले काम पट्टीवर सरकवत न्यायचे आणि ते कोणत्या नमुन्याजवळ बसते हे पाहायचे. विशेषणांवर काही अवलंबून नव्हते.

भारताशी धागा जुळतो तो फिलिप हार्टॉग यांच्यामुळे. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि १९२९ मध्ये भारतातल्या शिक्षणप्रसाराचा अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. संख्याशास्त्रज्ञ ऱ्होड्स यांच्यासोबत त्यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या परीक्षांचीच परीक्षा घेतली. पूर्वी सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांना तपासायला दिल्या आणि वर्षभराहून अधिक काळाने १४ परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. २१० निर्णयांपैकी ९२ बदलले. म्हणजे नापास, पास की विशेष श्रेणी, याबद्दल परीक्षकाचे दुसऱ्या वेळी स्वतःशीच एकमत झाले नाही.

आजच्या तक्त्यातले रकाने १९६१ च्या एका अभ्यासाचे ऋणी आहेत. अमेरिकेत डीडरिक आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयातल्या नवख्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या पेशांतल्या ५३ वाचकांना दिले आणि नऊ गठ्ठ्यांत लावायला सांगितले. निकष मुद्दाम दिले नाहीत. ९४ टक्के निबंधांतला प्रत्येक निबंध सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडला. वाचक कशाकडे बघतात हे शोधल्यावर पाच घटक हाती लागले: विचार, रचना, शैली, शब्दयोजना आणि शुद्धलेखन-विरामचिन्हे. घटकवार गुण देण्याची पद्धत यातून रुजली. १९६६ मध्ये गॉडशॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एकच निबंध अनेकांनी भरभर वाचून एकेक समग्र गुण दिला, तरी ते गुण एकत्र केल्यावर भरवशाचे ठरतात. हे वाचक मात्र आधी नमुना-निबंधांवर सराव करून बसत. पुढे १९७७ मध्ये लॉइड-जोन्सने लेखनाच्या हेतूनुसार निकष बदलायची रीत मांडली. तक्रारअर्ज आणि आत्मकथन एका मापाने मोजू नये, इतका साधा तो विचार होता.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ सॅडलर यांनी ही दिशा विद्यार्थ्याकडे वळवली. चांगले काम कसे दिसते हे मुलाला स्वतः ओळखता आले पाहिजे, तरच ते सुधारेल, आणि त्यासाठी वर्णनाइतकेच नमुनेही लागतात, असे त्यांचे म्हणणे. १९९७ मध्ये अमेरिकन मूल्यमापनतज्ज्ञ पॉपम यांनी इशारा दिला: बरीच रुब्रिक्स एकाच कामाला इतकी चिकटलेली असतात की दुसरीकडे चालत नाहीत, काही इतकी मोघम असतात की काहीच सांगत नाहीत आणि काही इतकी लांब असतात की कोणी वाचत नाही. आज मुंबईत फिरणाऱ्या तक्त्यांत दुसरा दोष सर्वांत जास्त आहे.

आता आपल्याकडे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आणि सुरुवातीपासून परीक्षा घेणे हे त्याचे मुख्य काम. राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासून. मंडळाच्या तपासणीत परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी उतरंड आहे आणि तपासणीआधी नमुना उत्तरांवर चर्चा होते. ही पद्धत जुनी आणि शहाणपणाची आहे. लेखी पेपरला ती लागू पडते. शाळेत तोंडी, प्रकल्प, प्रयोगवही यांना देण्याच्या गुणांना मात्र असे काही मिळाले नाही.

शिक्षणहक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर शिकताना होणारे) ७० आणि संकलित (सत्राअखेरचे) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने, आणि वर्णनात्मक नोंदी. साधनांची यादी मिळाली. पण पुरेसा प्रकल्प आणि चांगला प्रकल्प यांत फरक कोणता, हे शिक्षकाला कोणी हातात धरून दाखवले नाही. मग ‘नियमित असते’, ‘सहभाग घेतो’ अशा नोंदी वर्गभर सारख्याच उतरू लागल्या.

शाळेने दिलेल्या गुणांवरच्या विश्वासाचा कस दहावीत लागला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतल्यावर राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ते परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. त्या वर्षी कोविडमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, त्यामुळे सगळे श्रेय किंवा दोष अंतर्गत गुणांना देता येत नाही. तरीही शाळेतल्या २० गुणांकडे लोक फुकटचे गुण म्हणून बघू लागले. शिक्षकांवरचा हा अविश्वास अन्यायाचा आहे, पण गुण कसे दिले हे दाखवायला कागद नसेल तर तो मिटवताही येत नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुब्रिक वेगळ्या दाराने आले. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, मानांकनासाठी निष्पत्तींचे, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय येते याचे, पुरावे लागू लागले आणि २०१८ च्या परीक्षा सुधारणा धोरणात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नमुना रुब्रिक्स दिली. टर्मवर्कच्या (सत्रभरातल्या कामाच्या) फायलीत तक्ता जोडण्याची सवय तिथून लागली. सबमिशनच्या आदल्या रात्री भरलेला तक्ता तपासणीला आलेल्या समितीला दिसतो, विद्यार्थ्याला त्यातून काहीच मिळत नाही.

कामाचा प्रकार बदलला की तक्ताही बदलायला हवा. बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराचा प्रयोग घ्या. ‘निरीक्षणे चांगली नोंदवली’ हे वाक्य कुणालाच बांधील नाही. त्याऐवजी: निदान तीन वाचने, एकक आणि सरासरी, बाकीच्यांपासून दूर गेलेले वाचन पुन्हा घेतले, तर ४. तीन वाचने आणि सरासरी, पण विसंगतीकडे दुर्लक्ष, तर ३. दोनच वाचने किंवा एकक नाही, तर २. नुसते उत्तर, तर १. आणि सगळी वाचने शेजाऱ्याच्या प्रयोगवहीशी तंतोतंत जुळत असतील, तर भिंग मुलाच्या हातात देऊन एक वाचन समोर घ्यायला लावावे.

प्रकल्पात खरी अडचण तयार मालाची आहे. स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे संच मिळतात, सायबर कॅफेत छापून मिळते. सजावटीला गुण ठेवले की पालकाच्या खिशाला गुण जातात. म्हणून कच्च्या नोंदी, बदललेला एखादा निर्णय आणि तीन मिनिटांची तोंडी चौकशी यांना मिळून निम्म्याहून अधिक वजन असावे. गटकार्यात गटाला एक गुण आणि प्रत्येकाला स्वतंत्र एक, असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, नाहीतर एकटीने केलेल्या कामावर चौघे पास होतात.

निबंधात ‘मी रेल्वे स्थानक बोलतोय’ गाईडमधून पाठ करून आलेला असतो आणि शुद्धलेखनात तो पूर्ण गुण घेतो. ‘स्वतः पाहिलेला निदान एक तपशील’ हा निकष ठेवल्याशिवाय तो ओळखू येत नाही. शुद्धलेखनाला स्वतंत्र निकष दिला, तर त्याच चुकांसाठी रचनेचे गुण पुन्हा कापू नयेत. ही दुहेरी कपात सर्रास होते आणि मराठी ज्यांची घरची भाषा नाही त्या मुलांना तिचा सर्वांत मोठा फटका बसतो. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, तेव्हा या शहरात हा मुद्दा किरकोळ नाही. चित्राला मात्र घटकवार तक्ता फारसा मानवत नाही. तिथे कामे शेजारी शेजारी मांडून क्रम लावणेच बरे, जुन्या मोजपट्ट्यांसारखे.

निकष तीन ते पाच. त्याहून जास्त झाले की ६० वह्यांच्या वर्गात शिक्षक शेवटचे रकाने न वाचता भरतो. पातळ्या चार, कारण तीन किंवा पाच ठेवल्या की हात मधल्या घरात जातो. वापरण्याआधी मागच्या वर्षीची सहा कामे नावे झाकून दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासावीत. एका पातळीहून जास्त फरक पडला, तर शिक्षकाला दोष देऊ नये, चौकटीतले वाक्य बदलावे. एकमत झालेल्या कामांतली प्रत्येक पातळीची एक प्रत तक्त्याच्या मागे टाचून ठेवावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगती पत्रकात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे. तिसरीतल्या मुलीला ‘समाधानकारक’ म्हणजे काय हे तक्ता वाचून कळणार नाही. भिंतीवर चार कामे शेजारी शेजारी लावली, तर आपले काम कोणासारखे आहे हे ती बोट ठेवून सांगते.